आयत्या ताटावर दोन दिवस

फुलका तव्यावरून उतरला की त्याची खरी चव मिनिटभराची असते. हे मी अकरा वर्षं रोज बघते आहे. नाशिकला माझं पोळीभाजी केंद्र आहे. सकाळी साडेअकरापर्यंत सत्तर डबे भरून जातात, म्हणजे तीनशेच्या आसपास पोळ्या. आम्ही चौघी जणी लाटतो, भाजतो, तेलाचं बोट फिरवतो आणि फडक्यात गुंडाळून ठेवतो. गिऱ्हाइकाच्या पानात ती पोळी पडते तेव्हा तिला दोन-अडीच तास झालेले असतात. मऊ राहते, कारण कणीक तशी सैल भिजवलेली असते. पण ती तव्यावरची पोळी नसते. मी स्वतः जेवते दुपारी अडीचला, ओट्यापाशी उभ्यानं, जे उरलं असेल ते.

जानेवारीत माझ्या नणंदबाई म्हणाल्या, "अगं, दोन दिवस मुंबईला जाऊन नुसतं खाऊन येऊ. देवदर्शन नाही, खरेदी नाही, आणि कुणाच्या घरी उतरायचंही नाही. उतरलं की तिथं जेवावं लागतं." वन्सं पोस्टातून निवृत्त झाल्यात. नोकरीची पहिली दोन वर्षं त्यांनी दादरला काढली, मुलींच्या वसतिगृहात राहून. तेव्हा पगाराच्या दिवशी कुठं खायचं याची त्यांची यादी ठरलेली असायची. ती यादी त्यांच्या अजून डोक्यात होती. मी केंद्राला शनिवार-रविवार सुट्टी दिली, बायकांना पगारी रजा दिली आणि पंचवटी एक्सप्रेसची तिकिटं काढली.

खाली लिहिते आहे ते त्या दोन दिवसांबद्दल. चव सगळेच सांगतात. मी वाढपाबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण स्वयंपाक करणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या हातचं वाढप फार दिसतं.

पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडहून सातच्या सुमारास निघते. गाडीत कटलेट-ब्रेडवाला चार वेळा गेला, वन्संनी चारही वेळा मान हलवली. "पोट राखून ठेव." सीएसएमटीला उतरलो आणि जीपीओवरून चालत बॅलार्ड इस्टेटला गेलो. त्या भागात शनिवारी रस्ते मोकळे असतात. दगडी इमारती, सावली, गाड्या नाहीत. ब्रिटानियाच्या दारात आमच्या आधी नऊ माणसं उभी होती.

ब्रिटानिया अँड कंपनी १९२३ सालचं. आत शिरलात की आधी छत बघा, किती उंच आहे. वाकवलेल्या लाकडाच्या जुन्या खुर्च्या, चौकटीचे टेबलपोस, रंग उडालेल्या भिंती. इथले बोमन कोहिनूर २०१९मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी गेले. ते असेपर्यंत स्वतः टेबलाटेबलाशी येऊन काय घ्याल म्हणून विचारायचे, हे वन्संनी मला रांगेतच सांगितलं. आता ते नाहीत, पण वाढपात त्यांची सवय राहिली आहे. आमच्याकडे आलेल्या माणसानं आधी विचारलं, "दोघींत एकच घेताय ना? मग एकच सांगा, खूप असतो." जास्त विकण्यापेक्षा पान टाकलं जाऊ नये हे बघणारा माणूस मला लगेच आवडतो.

पण एकच घेता येईना, कारण वन्संचा शनिवार. त्यांनी भाज्यांचा बेरी पुलाव घेतला आणि मी मटणाचा. बेरी म्हणजे झेरेश्क, इराणातून येणारं बारीक, लाल, वाळवलेलं फळ. दिसायला डाळिंबाचा दाणा वाळवल्यासारखं, चवीला कोकमाच्या जवळ जाणारं पण टोकाशी किंचित गोड. भात मोकळा, वर काजू आणि तळलेला कांदा. मटण भाताखाली लपलेलं असतं, दाट रश्श्यासकट. म्हणून वरचा भात कोरडा वाटला तरी घाई करू नका. चमचा तळापर्यंत घाला आणि खालून वर काढा. मग भात, रस्सा आणि ती आंबट फळं एका घासात येतात. मला त्यातला कांदा फार आवडला. एकसारखा बदामी, कुठंही काळा नाही. इतका कांदा एकसारखा तळायचा तर कढईपाशी उभं राहावं लागतं, दुसरं काम हाती घेता येत नाही. दोन किलो कांदा एकदा तळून बघा म्हणजे कळेल.

सोबत पालनजी कंपनीचा रासबेरी सोडा, लालभडक आणि गोड. तो पुलावाबरोबर जात नाही असं माझं मत आहे. पुलाव संपल्यावर प्या. शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. त्यात अंडं, म्हणून वन्संना नाही. त्यांनी माझं बघितलं आणि म्हणाल्या, "थरथरतंय बघ कसं." खरंच थरथरत होतं. वरची साखर कडू होण्याच्या एक पाऊल अलीकडं थांबवलेली. हे जमणं सोपं नाही.

भाज्यांचा पुलाव मात्र मटणाच्या पुलावाच्या तोडीचा नाही. त्यात खालचा रस्सा पातळ होता आणि भाज्यांना स्वतःची चव नव्हती. शाकाहारी असाल तर तिथलं वातावरण आणि झेरेश्कची चव यासाठी एकदा जा. सामिष खात असाल तर शनिवार सोडून जा.

दुपारी टॅक्सीनं चर्चगेटला. ब्रेबॉर्न स्टेडियमजवळ के. रुस्तम, १९५३पासूनचं आइस्क्रीमचं दुकान. दोन पातळ वेफरांच्या मध्ये आइस्क्रीमची जाड वडी. आम्ही अक्रोडाचं घेतलं. कागदावर हातात देतात आणि उभ्यानंच खायचं. पटकन खा, कडेनं वितळायला लागतं. वेफर चिवट न होता शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहिलं. एवढंच, पण त्या उन्हात तेवढं पुरेसं होतं. मग दादरला लॉजवर जाऊन दोघी दोन तास झोपलो.

रात्रीचं जेवण माझ्या मुलीनं ठरवून दिलं होतं. तिनंच महिनाभर आधी जागा राखून ठेवली होती. नाव लिहीत नाही, कारण मी तिथं एकदाच गेले आहे आणि एका रात्रीवरून एखाद्याच्या स्वयंपाकघराला नाव ठेवावं असं मला वाटत नाही. ठरलेलं जेवण, आठ पदार्थ, एकामागून एक. दोघींचं बिल नऊ हजारांच्या थोडं वर गेलं. दोन दिवसांत आम्ही खाण्यावर जेवढं खर्च केलं त्याच्या निम्म्याहून बरंच जास्त.

आधी जे चांगलं होतं ते. पहिली वाटी टोमॅटोच्या निवळीची, पाण्यासारखी नितळ, गार. घोट घेतला आणि डोळे मिटले तर शेतातला टोमॅटो. असं निवळ काढायचं तर लगदा फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवावा लागतो, आपण चक्का टांगतो तसा, आणि पिळायचा अजिबात नाही. पिळलं की गढूळ होतं. ते ज्यानं केलं त्याचा हात धीराचा आहे. तिसरा पदार्थ भाजलेल्या लाल भोपळ्याचा, वर कारळाची भरड. कारळं आमच्याकडे चटणीला. भोपळ्याच्या गोडीवर ती इतकी शोभली की सोमवारी मी केंद्रात भोपळ्याच्या भाजीवर तीच घातली. चार गिऱ्हाइकांनी फोन करून विचारलं.

आता वाढप. प्रत्येक पदार्थ आला की एक तरुण मुलगा उभा राहून त्याची माहिती द्यायचा. कुठल्या गावचं, कुठल्या पद्धतीनं, किती तास. मुलगा गोड होता, मनापासून सांगत होता. पण तो बोलत असताना ताटलीतून वाफ जात होती, आणि तो बोलतोय म्हणून आम्ही हात लावू शकत नव्हतो. पाचवा पदार्थ मुळात गरम खायचा, आंबोळीसारखं काहीतरी, आत मशरूम. जाड चिनीमातीच्या थंडगार ताटलीत आणलं. थंड जाड भांडं गरम पदार्थातली ऊब आधी स्वतः पिऊन टाकतं, हे कुठल्याही बाईला माहीत असतं. म्हणून तर आपण आमटीच्या भांड्यात आधी गरम पाणी घालून ठेवतो. दोन मिनिटांची माहिती संपेपर्यंत ती आंबोळी कोमट झाली आणि वरचा कुरकुरीतपणा गेला. सातव्या पदार्थाआधी आम्ही पस्तीस मिनिटं बसून होतो. पोट भरलेलं नाही, भूक मेलेली.

आणि एक गोष्ट मला लागली. त्यांची ज्वारीची छोटी रोटी सुरेख होती. वन्संनी आणखी एक मागितली. मुलगा ओशाळून म्हणाला, "मॅम, ती प्रत्येकी एकच असते." नऊ हजारांच्या पानावर रोटी एकच. त्या मुलाची चूक नाही, नियम वरून आलेला. पण जेवायला बसलेल्या माणसाला भाकरी नाकारायची नसते. आमच्या केंद्रात डबा नेणारा मुलगा दारात थांबून म्हणाला, "काकू, आज दोन जास्त घाला, भूक आहे," तर आम्ही पैसे न मोजता घालतो. एवढ्या कष्टानं घडवलेलं जेवण नुसत्या वाढपापायी उणं पडलं, याचं मला त्या रात्री झोपेपर्यंत वाईट वाटत होतं. कुणीतरी त्या स्वयंपाक्याला बाहेर येऊन टेबलापाशी पाच मिनिटं उभं करायला हवं.

रविवारी सकाळी माटुंगा. किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास, १९४०पासूनचं. ही जागा वन्संच्या यादीत पहिली. "सगळ्या जणी मिळून यायचो. एकीनं डोसा मागवायचा, एकीनं इडली, म्हणजे सगळ्याचं सगळ्यांना." दारापाशी नाव लिहून घेतात. रविवारी सकाळी फुटपाथवर गर्दी असतेच. आम्ही चाळीस मिनिटं थांबलो. मोगऱ्याचा वास येत होता, शेजारून गजरेवाली गेली, वन्संनी एक घेऊन माझ्या अंबाड्यात माळला.

आत दोन अनोळखी माणसांसमोर बसवलं. इथं टेबल आपलं नसतं, जागा आपली असते. ज्यांना त्यात अवघडल्यासारखं होतं त्यांनी दुसरीकडे जावं, पण मला ती पंगतीची आठवण वाटली. पोडी इडली मागवली: लोणी चोपडलेली इडली आणि त्यावर पोडी, म्हणजे डाळी आणि सुक्या मिरच्या भाजून केलेली कोरडी भरड चटणी. लोणी वितळून पोडीत मुरतं आणि इडलीच्या अंगाला चिकटतं. नाचणीचा डोसा पातळ, कडा जाळीदार. पण माझ्या मनात घर केलं ते रसम वड्यानं. गरम रसमात बुडवलेला मेदूवडा. याची वेळ साधणं हेच सगळं कौशल्य. लवकर आणला तर आत कोरडा, उशिरा आणला तर लगदा. मी चमच्यानं कापला तेव्हा बाहेरची साल अजून दाताला लागत होती आणि मधोमध रसम पोचलं होतं. मिरीची धग घशाला, मग चिंच, मग उडदाची चव.

आणि वेग बघा. मागवल्यापासून बशी येईपर्यंत पाच मिनिटं लागली नाहीत. वाढणारा माणूस काही बोलत नाही, हसतही नाही. रसम संपायच्या आत वाटीत पुन्हा रसम येतं. त्याला आमच्याकडे बघायला वेळ नव्हता असं वाटतं, पण त्याचं लक्ष पानावर होतं. कॉफी पितळी दबऱ्यात, म्हणजे खोलगट वाटीत, आली. वन्संनी पेल्यातून दबऱ्यात, दबऱ्यातून पेल्यात उंचावरून चार वेळा ओतली, एक थेंब सांडला नाही. चाळीस वर्षांनी हात विसरलेला नव्हता. सांबार मला थोडं गोड वाटलं, तेवढं एक.

मग कुठं गेलो नाही. माटुंग्याच्या बाजारातून फिरलो, अळूची पानं आणि कढीपत्ता बघितला, एका बागेत बसलो. दुपारच्या जेवणाला भूक हवी होती.

काळबादेवीत दादीशेठ अग्यारी लेनमध्ये श्री ठाकर भोजनालय आहे, १९४५पासूनचं. बोळ अरुंद. जिना चढून पहिल्या मजल्यावर जायचं. वर गेल्यावर स्टीलची ताटं मांडलेली. बसल्याबसल्या हात धुवायला लावतात आणि पुढच्या मिनिटाला ताट भरायला सुरुवात. एका दांडीला जोडलेले चार डबे घेऊन एक जण येतो, भाज्या वाढतो. त्याच्या मागून फरसाण, त्याच्या मागून कढी आणि डाळ. कुणी कुणाला हाक मारत नाही. लांबून एक बोट, एक नजर, आणि ज्याच्या वाटीत कढी कमी झाली तिथं कढी येते.

हिवाळा म्हणून उंधियो होता. सुरती पापडी, कंद, छोटी वांगी, मेथीचे मुठिये. उंधियोत तेल सुटलेलं असायलाच हवं, पण खाऊन झाल्यावर ओठाला तेलकट लागता कामा नये. इथं लागलं नाही. मुठिये फुटले नव्हते आणि कडकही नव्हते. पापडीचा हिरवा रंग टिकलेला होता. कढी पातळ, गोडसर, वर आल्याचा वास. एरवी मला गोड कढी आवडत नाही. इथं तीन वाट्या घेतल्या. बटाट्याची सुकी भाजी साधी होती, ती मी पुन्हा घेतली नाही. पात्रा मात्र फार चांगला: अळूच्या पानाची शीर नीट काढलेली, घशाला खवखव नाही, वर तीळ तडतडलेले.

आणि फुलका.

पहिला आला तेव्हा तो फुगलेलाच होता. वाढणाऱ्यानं ताटात ठेवला आणि मी बोटानं टोचला तर वाफ वर आली. पापुद्रा इतका पातळ की ताटाचं स्टील आरपार दिसेल असं वाटलं. वर तूप, चमच्याच्या पाठीनं एकदाच फिरवलेलं, कडेपर्यंत. माझा दुसरा घास झाला तोवर तो माणूस तीन ताटं पुढं गेला होता. तिसरा घास तोंडात असताना परत माझ्यापाशी. अर्धा फुलका उरला की दुसरा यायचा. आधी नाही, म्हणजे खालचा गार होत नाही. नंतर नाही, म्हणजे हात थांबत नाही. मी मुद्दाम सावकाश खाऊन बघितलं, तर तोही उशिरा आला. मुद्दाम पटापट खाल्लं, तर तो आधी आला. हे कुणी वहीत लिहून शिकवू शकत नाही.

मी आत, स्वयंपाकघराच्या दाराकडे सारखी बघत होते. वाढणाऱ्याच्या ते लक्षात आलं. वयस्क होता, साठीच्या पुढचा असेल. जवळ येऊन काही हवं का विचारलं. मी म्हटलं, काही नको, मी पण पोळ्या करते, रोज तीनशे, नाशिकला. तो क्षणभर थांबला, मान डोलावली आणि आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात डबा नव्हता, ताटली होती, आणि ताटलीत एकच फुलका. अजून फुगायचा थांबला नव्हता. माझ्या ताटात ठेवून तो तिथंच उभा राहिला.

"गरम छे, बेन. पहेलां खाओ."

बाकीची ताटं वाट बघत होती. मी फुलका तोडला, कशालाच न लावता नुसता खाल्ला. तो बघत होता, आणि मी घास गिळल्यावरच तो पुढच्या ताटाकडे गेला.

वन्संनी शेवटी मोजून सांगितलं, नऊ झाले. घरी मी दोन पोळ्या खाते. खिचडी आली, तीही घेतली, तुपासकट. गोड घेतलं नाही, जागाच नव्हती. तिथं जाणार असाल तर रविवारी दुपारी जा, सकाळी हलकं खा, आणि गोडासाठी आधीच जागा ठेवा. त्या दिवशीचा मोहनथाळ शेजारच्या ताटात बघितला. तुपात भाजलेल्या बेसनाचा दाणा न् दाणा सुटा दिसत होता, आणि तो खायचा राहून गेला.

सव्वासहाची पंचवटी पकडली. कसाऱ्याला घाट लागेपर्यंत दोघी काही बोललो नाही. मग वन्संनी पिशवीतून एक कागद काढला. त्यात त्यांच्या यादीतली अजून अकरा नावं होती.